वडिलांचा सीटी पाहून ‘किती वर्षं’ हे सांगता येतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. वडील ६८ वर्षांचे, भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आता धायरीला राहतात. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत सिगारेट होती. दीड वर्षापासून कोरडा खोकला आहे, आणि आता दोन जिने चढले की धाप लागते. फुंकायच्या टेस्टमध्ये एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेली एकूण हवा, अपेक्षेच्या ७२ टक्के आली. एचआरसीटीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक कापांच्या सीटीच्या, रिपोर्टात दोन्ही फुप्फुसांच्या तळाला, कडेकडेने जाळी, ओढल्या गेलेल्या श्वासनलिका, वरच्या भागात थोडा एम्फिसीमा, आणि शेवटच्या ओळीत ‘प्रोबेबल यूआयपी’, म्हणजे व्रणाचा एक ठरावीक नमुना बहुधा आहे. तुम्ही विचारलंय: रिपोर्टवर स्कोअर का नाही, या सीटीवरून बाबांकडे किती वर्षं आहेत ते कळेल का, आणि दर तीन महिन्यांनी सीटी करत राहावं का. मोबाइलवरच्या एका ॲपला रिपोर्ट दाखवला तर त्याने ‘तीन ते पाच वर्षं’ असं सांगितलं, त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, हेही लिहिलंय. आणि जाता जाता एक वाक्य आहे, की २०२१ मध्ये मुतखड्यासाठी पोटाचा सीटी झाला होता, तेव्हा छातीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्या वाक्याकडे मी शेवटी येतो.

मी पुण्यात बावीस वर्षं छातीचे आजार बघतोय. सीटी हे माझं रोजचं हत्यार आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल आकस नाही. पण तुम्ही त्याला जे विचारताय ते त्याला अर्धंच येतं.

स्कोअरचं आधी उरकू. २०२० आणि २१ मध्ये पुण्यात कुणाचीही चौकशी केली तरी दुसरा प्रश्न ‘स्कोअर किती?’ हाच असायचा. तो पंचवीसपैकीचा आकडा कोविडचा. फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज पंचवीस. नव्याने उठलेल्या न्यूमोनियाने किती जागा व्यापली, एवढंच तो सांगायचा. त्यातले बरेच डाग पुढे काही आठवड्यांत, काही महिन्यांत विरूनही गेले. तुमच्या वडिलांच्या फुप्फुसात जे आहे ते सुजेचं पाणी नाही, व्रण आहे. त्याला तो स्कोअर लावणं म्हणजे भाजल्याच्या जुन्या डागाला थर्मामीटर लावण्यासारखं आहे. रिपोर्टात स्कोअर नाही हे रेडिऑलॉजिस्टने बरोबरच केलंय. शेजारीपाजारी कुणी स्कोअर विचारला तर त्यांना तसं सांगा.

आता सीटी काय मोजतो ते. यंत्र प्रत्येक ठिपक्याची घनता मोजतं. पाणी शून्य, हवा उणे १०००, अशी ती हाउन्सफील्ड मोजपट्टी आहे. पूर्ण श्वास भरलेलं निरोगी फुप्फुस उणे ८५० च्या आसपास असतं. एम्फिसीमात भिंती विरून पोकळ्या होतात, तिथे आकडा उणे ९५० च्याही खाली जातो. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे व्रण पडतो तेव्हा, उलट होतं, ऊतक दाटतं आणि ठिपके पांढरे दिसतात. म्हणजे वडिलांच्या फुप्फुसात वरती हवा जास्त आणि खाली ऊतक जास्त, अशी दोन्ही दुखणी एकाच छातीत आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिपोर्टातल्या शब्दांपैकी पुढचा काळ सांगण्याच्या दृष्टीने मला सगळ्यात जड वाटतो तो ओढल्या गेलेल्या श्वासनलिकांचा उल्लेख. जुन्या सुती कापडाला घट्ट रफू केला की आजूबाजूचं कापड त्याच्याकडे खेचलं जातं आणि धागे उसवून भोकं मोठी होतात. फुप्फुसात व्रण आकसतो तेव्हा आतल्या नळ्या अशाच चारी बाजूंनी ताणल्या जाऊन रुंद आणि वाकड्यातिकड्या होतात. त्या जितक्या जास्त, तितका पुढचा काळ अवघड, हे निरनिराळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, ज्याला आम्ही हनीकोंबिंग म्हणतो, तीही वाईट खूण. पण पोळं आहे की नाही यावर दोन अनुभवी रेडिऑलॉजिस्टचंही अनेकदा एकमत होत नाही. शेजारी एम्फिसीमा असला तर आणखीनच गोंधळ होतो, कारण एम्फिसीमाच्या पोकळीला फायब्रोसिसची किनार आली की ती पोळ्यासारखीच दिसते. म्हणून ‘प्रोबेबल’ हा शब्द वाचून डॉक्टरांना नक्की काय ते ठाऊक नाही असं समजू नका. पोळं ठळक दिसलं असतं तर ‘यूआयपी’ लिहिलं असतं, बाकी सगळं तसंच आहे पण पोळं नाही म्हणून ‘प्रोबेबल’. २०१८ पासून हे वर्गीकरण असंच चालतं.

इथे एक अडचण आहे, आणि ती माझ्या मते वर्षांच्या आकड्यापेक्षा मोठी आहे. यूआयपी हे चित्राचं नाव आहे, रोगाचं नाही. हेच चित्र आयपीएफमध्ये (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस) दिसतं, म्हणजे ज्या फायब्रोसिसचं कारण सापडत नाही त्यात. तेच संधिवाताच्या फुप्फुसात दिसू शकतं. आणि कबुतरं, बुरशी, ओलसर कूलर यांच्या ॲलर्जीतून होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस जुना झाला की तोही हाच मुखवटा चढवतो. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली होती, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ४७ टक्के रुग्ण या ॲलर्जीवाल्या आजाराचे निघाले आणि आयपीएफचे जेमतेम १४ टक्के. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीत आयपीएफचं पारडं बरंच जड असतं. त्यामुळे तिकडचे आकडे वाचून इकडच्या माणसाचं भविष्य सांगताना पहिली चूक इथेच होते.

तुमच्या प्रश्नात घराबद्दल काहीच नाही, म्हणून विचारतो. बाल्कनीत कबुतरं बसतात का? डक्टमध्ये घरटी आहेत का? पुण्यात जाळी न लावलेली बाल्कनी आणि कबुतरं नाहीत असं घर मला विरळाच सापडतं, पण लोक ‘आमच्याकडे पक्षी नाहीत’ असंच सांगतात, कारण त्यांना पाळलेले पोपट आठवतात. मी हल्ली ‘एसीच्या बाहेरच्या युनिटवर विष्ठा असते का’ असं विचारतो. मग उत्तर बदलतं. सीटीतही यासाठी खुणा असतात: श्वास सोडून काढलेल्या चित्रात काही भाग हवा अडकून काळेच राहतात, आणि पांढरा, करडा, काळा अशा तीन छटांचे ठिगळ दिसतात. वडिलांच्या रिपोर्टात श्वास सोडून काढलेल्या चित्रांचा उल्लेख नाही. बहुधा ती काढलीच नसावीत.

एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत शिरूरकडचे एक शेतकरी आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळी करून आणलेल्या फिल्म मी खिडकीपाशी धरल्या, तळाला पोळं दिसलं, आणि मुलाने कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं तेव्हा मी ‘दोन वर्षं धरा’ म्हणालो. पुस्तकातला आकडा होता, माझ्या मते सौम्यच करून सांगितला होता. त्यांनी त्या दोन वर्षांच्या हिशोबाने जमीन मुलांच्या नावावर केली, बैल विकले, कडबा भरणं बंद केलं आणि धाकट्याकडे चाकणला राहायला गेले. सहा वर्षांनी ते माझ्यासमोर बसले होते, ऑक्सिजनशिवाय. म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या दोन वर्षांवर मी सगळं वाटून टाकलं. आता मला चहाचे पैसे सुनेकडे मागावे लागतात.” जुन्या फिल्म पुन्हा मागवून पाहिल्या. ठिगळं होती, मी पाहिली नव्हती. बुरशी लागलेल्या कडब्याच्या खोलीत त्यांची वीस वर्षं गेली होती. गाव सुटलं, कडबा सुटला आणि आजार जवळजवळ तिथेच थांबला. तेव्हापासून मी कॉरिडॉरमध्ये आकडा सांगत नाही.

अर्थात कारण सापडलं की सगळं सुटलं असंही नाही. या ॲलर्जीच्या आजाराला एकदा यूआयपीसारखं फायब्रोसिस आलं की काही जणांचा प्रवास आयपीएफइतकाच कठीण असतो. शिरूरचे ते गृहस्थ नशीबवान होते. पण ‘किती वर्षं’ याच्या आधी ‘कुठला आजार’ हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी सीटी, रक्ताच्या तपासण्या आणि घरा-कामाची उलटतपासणी हे तिन्ही एका टेबलावर हवं. भोसरीत त्यांचं काम काय होतं? ग्राइंडिंग, वेल्डिंग, फाउंड्री, सँडब्लास्टिंग? ‘कारखान्यात होते’ एवढ्याने मला काही कळत नाही.

आता वेगाबद्दल. पुणेकराला हे समजावणं सोपं आहे. मार्चमध्ये पेपरात येतं, खडकवासला साखळीत इतके टीएमसी पाणी. चार धरणं मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. आता समजा एका सकाळी १२ टीएमसी आहे. जूनपर्यंत पुरेल का? नुसत्या बारावरून कुणीच सांगू शकत नाही. कालव्यातून किती सोडतायत, शहर किती उचलतंय, ऊन किती आहे, हे कळलं तर सांगता येतं. आणि सगळ्यात सोपं, गेल्या महिन्यात किती होतं ते कळलं तर. एका दिवशीचा सीटी म्हणजे तो बारा टीएमसी. फायब्रोसिस किती पसरलंय यावरून ढोबळ अंदाज येतो, थोडं पसरलेल्यापेक्षा जास्त पसरलेल्याला धोका जास्त, हे खरंच. पण माझ्याकडे असे रुग्ण आहेत ज्यांचं फुप्फुस पाच वर्षांपूर्वीही असंच भयानक दिसत होतं आणि आजही तसंच दिसतं. आणि एक बँकेतले गृहस्थ होते, सीटीत तळाला बोटभर जाळी, सकाळी पर्वती चढून यायचे. एका साध्या सर्दीनंतर दोन्ही फुप्फुसांवर काचेवर वाफ धरावी तसा धूसर पांढरेपणा पसरला आणि तीन आठवड्यांत ते गेले. आयपीएफमध्ये अशी अचानक उसळी येते, ती कुठल्या सीटीत आधी लिहिलेली नसते. फायब्रोसिस जास्त असलेल्यांना ती जास्त वेळा येते, इतकंच म्हणता येतं.

त्या ॲपने सांगितलेले ‘तीन ते पाच’ कुठून आले ते मला माहीत आहे. ते आयपीएफच्या जुन्या अभ्यासांतलं मध्यक आहे, म्हणजे निदानानंतर निम्मी माणसं तोवर गेली होती आणि निम्मी होती. वरची निम्मी किती पुढे गेली हे मध्यक सांगत नाही. शिवाय ते आकडे बहुतांशी पर्फेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं वापरात येण्याआधीचे. अमेरिकेत दोन्हींना ऑक्टोबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, आपल्याकडेही आता ती सहज मिळतात. आणि ते सगळे आकडे आयपीएफचे आहेत. तुमच्या वडिलांना आयपीएफच आहे हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

आम्ही डॉक्टर आयपीएफमध्ये धोका मोजायला जी मोजपट्टी सगळ्यात जास्त वापरतो, तिचं नाव गॅप. २०१२ साली आली. तिच्यात सीटी नाही, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. लिंग, वय, एफव्हीसी आणि डीएलसीओ, एवढ्यावर शून्य ते आठ गुण. आयपीएफच आहे असं धरून तुमच्या वडिलांचं करून बघू. पुरुष, एक गुण. वय ६५ च्या वर, दोन. एफव्हीसी ५० ते ७५ च्या मध्ये, एक. झाले चार. आता डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज उतरतो त्याची टेस्ट. ५५ टक्क्यांच्या वर आला तर शून्य, ३६ ते ५५ असेल तर एक, ३५ किंवा खाली असेल तर दोन, आणि धापेमुळे टेस्ट करताच आली नाही तर तीन. चार-पाच गुण म्हणजे दुसरी पायरी, सहा किंवा त्यापुढे तिसरी. मूळ अभ्यासात एका वर्षातल्या मृत्यूचं प्रमाण पहिल्या पायरीला सुमारे ६ टक्के, दुसरीला १६ आणि तिसरीला ३९ होतं. म्हणजे तुमचे वडील १६ च्या गटात आहेत की ३९ च्या, हे ज्या टेस्टवर ठरतं ती टेस्टच झालेली नाही! सीटीवर इतकी चर्चा, आणि दहा मिनिटांची ही दुसरी श्वासाची टेस्ट राहून गेली. हे आमच्याकडे फार होतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती आणखी एका कारणासाठी हवी. मघाशी म्हटलं, वर एम्फिसीमा, खाली फायब्रोसिस. एम्फिसीमा फुप्फुसाचं आकारमान वाढवतो, फायब्रोसिस कमी करतो. दोघांची वजाबाकी होऊन एफव्हीसी बरी दिसते. ७२ टक्के वाचून ‘फार वाईट नाही’ असं कुणी म्हणालं असेल, तर ते बरोबर असेलही, पण हा दोन दुखण्यांनी एकमेकांना झाकल्याचा आकडाही असू शकतो. अशा वेळी डीएलसीओ खूप खाली असतो, चालताना सॅच्युरेशन पडतं आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढायची भीती असते. इथे सीटीने मोठं काम केलंय. फक्त फुंकणी पाहिली असती तर हे कळलंच नसतं.

सीटीच्या त्याच चित्रांत पुढचं सांगणाऱ्या बाकी गोष्टीही असतात, ज्या रिपोर्टात बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. फुप्फुसाची मुख्य रोहिणी शेजारच्या महारोहिणीपेक्षा जाड आहे का, हे मी नेहमी स्वतः मोजतो. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुन्या आजारात, ती जाड असेल तर दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता वाढते असं २०१२ साली दिसून आलंय. फायब्रोसिसमध्ये ही खूण तितकी भरवशाची नाही, म्हणून तिथे इको करून घेतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम दिसतं. माझे फायब्रोसिसचे काही रुग्ण फुप्फुसाने गेले नाहीत, हृदयविकाराने गेले. छातीचे स्नायू किती झडलेत तेही दिसतं. फायब्रोसिस आणि सिगारेट एकत्र असल्यावर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून जाळीत लपलेली लहानशी गाठ शोधावी लागते. याबद्दल रिपोर्टात काही नसेल तर रेडिऑलॉजिस्टला फोन करायला तुमच्या डॉक्टरांना सांगा. ते करतात, विचारलं की.

संगणकाने सीटी मोजण्याचं कामही खूप पुढे गेलंय. फायब्रोसिस टक्क्यांत मोजणारी, अगदी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं आकारमान मोजणारी प्रणाली आहे, आणि तिचे आकडे डोळ्याने दिलेल्या गुणांपेक्षा मृत्यूचा अंदाज चांगला देतात असं दिसलंय. मला त्यात रस आहे. पण यंत्र बदललं, चित्र बनवायची पद्धत बदलली, किंवा माणसाने श्वास अर्धाच भरला, तर आकडा बदलतो. शिवाय हजार माणसांच्या गटाबद्दल बरोबर असलेला आकडा धायरीतल्या एका माणसाबद्दल तितकाच बरोबर नसतो.

श्वासाचं जरा थांबून सांगतो, कारण हे तुमच्या हातात आहे. टेबलावर आडवं पडलेला, घाबरलेला माणूस, स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज ‘श्वास घ्या, धरा’ म्हणतो, आणि खोकल्याच्या भीतीने तो अर्धाच श्वास घेतो. मग फुप्फुसाचा तळ नुसता दबून पांढरा दिसतो आणि रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे धूसर पांढरेपणा, येतं. घरचे घाबरतात. पुढच्या वेळी जाण्याआधी घरी चारदा सराव करून घ्या: पूर्ण श्वास, दहापर्यंत मोजत धरायचा. आणि पालथं झोपवून, तसंच श्वास सोडून काढलेली चित्रंही घ्या असं चिठ्ठीवर लिहून आणा. पालथं झोपल्यावर दबलेला भाग उघडतो, खरा व्रण तसाच राहतो.

पुढचा सीटी कधी, याचं उत्तर आजारावर अवलंबून आहे, पण तीन महिन्यांनी नक्की नाही. फायब्रोसिस तीन महिन्यांत इतकं क्वचितच सरकतं की डोळ्याला खात्रीने दिसेल. छातीच्या एका नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट किरण जातात. ६८ व्या वर्षी तो मुद्दा फार मोठा नाही, पण कारण नसताना कशाला? मी फुंकायची टेस्ट आणि डीएलसीओ दर तीन ते सहा महिन्यांनी करतो, सीटी साधारण वर्षाने, किंवा मध्येच काही बदललं तर लगेच. आयपीएफ सोडून इतर फायब्रोसिसमध्ये ‘आजार वाढतोय’ म्हणायचे निकष २०२२ साली ठरले: वर्षभरात त्रास वाढणं, एफव्हीसी निदान ५ टक्क्यांनी किंवा डीएलसीओ निदान १० टक्क्यांनी उतरणं, आणि सीटीत वाढ दिसणं. तीनपैकी दोन हव्यात. सीटी इथे एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

जुना टीबी किंवा चुलीच्या धुराचा सीओपीडी असलेल्यांची गणितं वेगळी आहेत. टीबीचा व्रण सीटीत भयानक दिसतो आणि वीस वीस वर्षं जागचा हलत नाही. हे सांगायचं कारण, तुमच्या ओळखीतलं कुणी ‘आमच्या मामांच्या फुप्फुसाला पण जाळी होती, काही झालं नाही’ असं म्हणेल. त्यांची जाळी बहुधा ही नव्हती.

आता कामाचं. डीएलसीओ आणि सहा मिनिटं चालण्याची टेस्ट या आठवड्यात करून घ्या. चालताना सॅच्युरेशन ८८ च्या खाली जातं का हे मला कुठल्याही फिल्मपेक्षा जास्त सांगून जातं. संधिवाताच्या रक्ततपासण्या आणि इको करा. हे सगळं घेऊन अशा ठिकाणी जा जिथे छातीचे डॉक्टर आणि रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. मोठ्या रुग्णालयांत अशी बैठक होते, विचारून घ्या. कुणी सीटी बघून लगेच स्टेरॉइड सुरू करत असेल तर ‘आयपीएफ नाही हे नक्की का?’ एवढं विचारा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि एनॲसिटिलसिस्टीन एकत्र दिलेले आयपीएफचे रुग्ण जास्त दगावले होते. ॲलर्जीवाल्या आजारात मात्र तेच स्टेरॉइड कधी कधी उपयोगी पडतं. म्हणून म्हटलं, नाव आधी.

फायब्रोसिस रोखणारी औषधं झालेला व्रण पुसत नाहीत. निंटेडॅनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सुमारे २४० मिलिलिटरने घटली, औषध घेणाऱ्यांची सुमारे ११५ ने. म्हणजे कालव्याचा दरवाजा अर्धा बंद. बरं वाटत नाही म्हणून लोक सहा महिन्यांत सोडून देतात. ती बरं वाटण्यासाठी नसतातच. निंटेडॅनिबने जुलाब होतात, पर्फेनिडोनने मळमळ, आणि उन्हात त्वचा भाजते. ते घेऊन स्कूटरवर फिरायचं असेल तर पूर्ण बाह्या लागतील. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस राहिली असेल तर घ्या, आणि बाल्कनीला जाळी निकाल यायच्या आधीच लावून टाका.

वडिलांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या आडून ते दिसतंय. माझा अनुभव असा की ते स्वतः विचारतील, आणि तेव्हा ‘किती वर्षं’ असं विचारणार नाहीत. ‘गावची जत्रा करू ना?’ किंवा ‘हे घर विकून तळमजल्यावर घ्यावं का?’ असं काहीतरी विचारतील. त्या प्रश्नांची उत्तरं सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन टेस्टवरून बऱ्यापैकी देता येतात.

आणि आता ते मुतखड्याचं वाक्य. पोटाचा सीटी वरून सुरू होतो तेव्हा फुप्फुसाचे तळाचे दोन-चार इंच त्यात आपोआप येतात. यूआयपी सुरू होतो तो तळाशीच. कुणी बोललं नाही, कारण तेव्हा सगळे मूत्रपिंड बघत होते. ती चित्रं जाड कापांची असतील आणि श्वास पूर्ण नसेल, त्यामुळे धूसरपणावर विश्वास ठेवता येणार नाही, पण जाळी आणि ताणलेल्या नळ्या असतील तर दिसतील. त्या असतील आणि आजच्याइतक्याच असतील, तर एवढ्या वर्षांत पाणी फारसं उतरलेलं नाही. अजिबात नसतील, तर धरण वेगाने रिकामं होतंय आणि औषधाला एक दिवसही उशीर नको. नवीन सीटीवर खर्च करण्याआधी ती सीडी शोधा. माळ्यावर, कपाटात, बँकेच्या कागदांच्या फाइलीत, जिथे असेल तिथे. फिल्म नको, सीडीच हवी, ती फुप्फुसाच्या विंडोत, म्हणजे फुप्फुस नीट दिसेल अशा सेटिंगमध्ये, उघडून बघता येते. सापडली नाही तर ज्या सेंटरवर काढली तिथे नाव आणि तारीख सांगून विचारा, अनेकांच्या सर्व्हरवर जुनी चित्रं असतात. आणि कारखान्याच्या वार्षिक मेडिकलचे छातीचे एक्सरे कुणी जपून ठेवले असतील, तर तेही त्याच पिशवीत टाका.